ढिले नव्हे, सैल

एकदा एक वृद्ध कोशकार नदीच्या डोहाकाठी बसून आपल्या शिष्याने लिहून आणलेले पान वाचत होते. शिष्य तिशीचा, विद्वान आणि मानेपासून टाचेपर्यंत ताठ. पानावर ‘रिलॅक्स’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ होते : शिथिल होणे, मऊ पडणे, ढिले पडणे, सुस्तावणे.

“चूक काही नाही,” गुरुजी म्हणाले, “पण हे शब्द ज्याला लागू पडतील, असा एकही माणूस मला धडधाकट दिसत नाही.”

“गुरुजी, तीन कोश ताडून पाहिलेत मी.”

“कोश पाहिलेस. बरं.” त्यांनी पान एका दगडाखाली ठेवले आणि ते स्नानाला पाण्यात उतरले. रोजचाच नेम, म्हणून शिष्याने तिकडे लक्ष दिले नाही. तो मनातल्या मनात वाद घालत बसला.

मान वर केली तेव्हा गुरुजी डोहाच्या मध्यावर उताणे पडले होते. डोळे मिटलेले, हात पसरलेले. त्याने हाक मारली, पुन्हा मारली. उत्तर आले नाही. पाणी तो देह संथपणे फिरवत होते.

शिष्य पाण्याच्या कडेपर्यंत धावला. ऐंशी वर्षांचा हा माणूस त्याला वडिलांच्या जागी होता. काठावर दुसरे कोणी नव्हते आणि त्याला स्वतःला पोहता येत नव्हते. तरी त्याने उडी मारली.

हातपाय आवळून तो धोंड्यासारखा खाली गेला. नाकातोंडात पाणी शिरले. आता आपण मरणार, हे त्याला कळून चुकले. तेवढ्यात हनुवटीखाली एक हात आला आणि त्याचे तोंड पाण्याबाहेर निघाले.

“अंग सैल सोड. मी धरलंय तुला. सैल सोड.”

कसे कोण जाणे, त्याने सोडले, आणि पाण्यानेच त्याला वर उचलले.

काठावर दोघेही थरथरत बसले. मला विचाराल तर गुरुजींनी हा शुद्ध अविचार केला होता, आणि तो त्यांनाही कळला होता.

“मला वाटलं, तुम्ही गेलात,” शिष्य म्हणाला.

“चुकलं माझं. पहिल्याच हाकेला ओ द्यायला हवी होती. तू ओरडशील, मग मी डोळे उघडून शब्दाचा अर्थ सांगेन, असं मनात होतं. पोहता येत नसताना तू उडी मारशील, हे ध्यानातच आलं नाही.” मग ते म्हणाले, “खाटेची नवार ढिली पडते, कारण तिला ताणून धरणारं काही उरत नाही. कडेवरचं मूल झोपेत सैल होतं, कारण आपल्याला कुणीतरी धरलंय हे त्याला ठाऊक असतं. दिसायला दोन्ही मऊच. म्हणून तर कोशवाले फसतात. तू मघाशी ताठ झालास तो अंगातल्या बळानं नव्हे. तुझा कशावर भरवसा नव्हता, म्हणून.”

शिष्याने दगडाखालचे पान काढले, ‘ढिले पडणे’वर रेघ ओढली आणि तिथे ‘अंग सैल सोडणे’ असे लिहिले.

“वाक्यात उपयोग?” गुरुजींनी विचारले.

शिष्याने लिहून पान पुढे केले : ‘धरणारा हात मिळाला, तेव्हा बुडणारा सैल झाला.’

गुरुजींनी ते वाचले. त्यांचे हात अजून कापत होते. शिष्याने ते आपल्या हातांत घेतले आणि सैल होईपर्यंत धरून ठेवले.