वाळलेली कणीक

"पण माझं चुकलं काय, बुवा?"

विश्वंभरने तिसऱ्यांदा विचारलं. अंतोबुवा ओसरीवर बसले होते. समोर पखवाज होता आणि ते त्याच्याकडे नुसते बघत होते.

बुवा या मठात पोरांना पखवाज शिकवीत. विश्वंभर त्यांचा सगळ्यांत जुना शिष्य. कान इतका तयार की त्याचा त्यालाच भारी अभिमान. असायलाही हरकत नव्हती म्हणा.

पंधरा दिवसांपूर्वी मठातल्याच परसरामने बरोबर शिकणाऱ्या लहूचा उजवा हात हातोडीने ठेचला. पखवाज सुरात लावतात, तीच हातोडी. उत्सवातली साथ लहूला मिळाली, एवढंच निमित्त. परसरामला पोलिसांनी नेलं. लहूची तीन बोटं गेली. दोघंही विशीतले. कुणासाठी रडायचं तेच कळेना.

"तुला माहीत होतं?" बुवांनी विचारलं.

"थोडंफार."

"थोडं म्हणजे किती?"

"तो पंगतीला येईनासा झाला होता. हातोडी उशाशी घेऊन झोपायचा. दोनदा माझ्यादेखत म्हणाला, लहूचा हातच ठेवत नाही..."

"आणि तू?"

"कुणाच्या माघारी कुणाबद्दल बोलायचं नाही, हा तुमचाच नियम बुवा. नऊ वर्षं पाळला मी. माझ्या तोंडून कधी कुणाची चहाडी निघाली नाही."

हे सांगतानासुद्धा मान ताठ! काय म्हणावं या माणसाला?

बुवांनी पखवाज त्याच्याकडे सरकवला.

"वाजव."

"आत्ता?"

"वाजव म्हटलं ना."

विश्वंभरने मांडी घातली, डाव्या पुडीच्या चामड्यावर एक थाप मारली आणि लगेच थांबला.

"बुवा, डाव्या पुडीवर थापलेली कणीक वाळलीय."

"बोटाने दाबून पाहिलीस?"

"दाबायला कशाला हवी? पहिल्या थापेलाच कळलं. आवाज कोरडा येतोय."

"मग सांगितलंस कशाला?"

"म्हणजे काय! सांगायलाच हवं. असाच वाजवला तर सगळी साथ बिघडेल."

"हं... पखवाजाची चहाडी केलीस तर."

विश्वंभरने पुडीवरचा हात काढून घेतला.

...

त्याने पखवाज बाजूला सारला.

"मला कळलं होतं, बुवा. थोडंफार नाही, सगळं कळलं होतं. लहू माझ्या शेजारी झोपायचा. त्यालाही मी काही बोललो नाही..."

आणि तो रडायला लागला. पदरात तोंड खुपसून रडणाऱ्या बाईसारखा, उपरण्यात तोंड खुपसून.

बुवांनी त्याला रडू दिलं.

"नियम मी केला," ते म्हणाले. "पोरांत भांडणं नकोत म्हणून केला. सगळे गप्प राहायला लागले, तेव्हा मला वाटलं, मठात शांती आली."

त्यांनी पखवाज जवळ ओढला आणि पुडीवरची वाळलेली कणीक नखाने खरवडायला घेतली.

...

एवढ्यात आतून मठाची चूल सांभाळणाऱ्या माई आल्या, बुवांचं सकाळचं ताट उचलायला. रिकामं ताट बघून बाईंना जरा बरं वाटलं.

"जेवलात ना पोटभर?"

बुवांनी हो म्हणून मान हलवली.

विश्वंभरने डोळे पुसले. एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा ताटाकडे.

"नाही जेवले, माई."

"अरे, ताट तर..."

"भाकरी गाईला घातली. आज चौथा दिवस. मी रोज बघतोय. कालपासून उठताना भिंत धरावी लागतेय त्यांना."

माईंनी ताट खाली ठेवलं. त्या लगबगीने चुलीकडे वळल्या.

बुवांनी विश्वंभरकडे पाहिलं. रागावतील, असंच त्याला वाटलं. त्याने मान खाली घातली.

बुवांनी हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. उपासाने हात हलका झाला होता.

"हे असंच... पंधरा दिवसांपूर्वी का नाही रे बोललास?"