सुरंगी आणि तेलताडाचे टाकाऊ घड

समुद्राकाठच्या टेकडीवर तेलताडांची हिरवीगार बाग होती. लालकेशरी फळांचे घड गिरणीत जात, तेल निघे आणि उरलेल्या ओल्या, धागे सुटलेल्या घडांचा डोंगर मजुरांच्या झोपड्यांशेजारी साठे. दर शनिवारी मुकादम तो पेटवून देई. रीतच ती! मग काळाकुट्ट धूर झोपड्यांत शिरे आणि सुरंगीचा चिमुकला भाऊ बाबल्या खोकून खोकून निळा पडे. बिचारा चार पावलं धावला तरी त्याला धाप लागे.

एका रविवारी सकाळी सुरंगीला राग आला, म्हणजे असा आला म्हणता! तिने राखेच्या ढिगाला लाथच मारली. तशी राखेतून टुणकन उडाली एक इवलीशी परी. पंख केशरी, झगा पोपटी आणि नाकाच्या शेंड्याला काजळी!

"माग बाळे, एक इच्छा," परी नाक पुसत म्हणाली. "पण कुणाचं वाईट मागायचं नाही आणि आयतं काही मागायचं नाही."

"मुकादमाच्या हाताला फोड येऊ देत!"

"हे वाईट झालं गं."

"मग बाबल्याला बरं कर!"

"हे आयतं झालं. शिवाय शनिवारी धूर पुन्हा येणारच ना?"

सुरंगीने कमरेवर हात ठेवले. "मग मला शिकव! हे घड न जाळता त्यांचं काय करायचं, ते शिकव!"

परीने आनंदाने गिरकी घेतली. "अगं, आजवर हे कुणी मागितलंच नव्हतं! ऐक. ओलं जाळलं की धूर होणारच. आधी पिंज, पिळून काढ, भाताच्या पेजेत कालव, थाप आणि उन्हात कडकडीत वाळव."

सुरंगी आठवडाभर राबली. बोटांची सालटं निघाली, तरी हटली नाही. लांब धाग्यांच्या दोऱ्या वळल्या, उरलेल्याच्या गोवऱ्यांसारख्या थापट्या वाळल्या, अगदी सोनेरी!

शनिवारी मुकादम आला, तर सुरंगी ढिगावर मांडी घालून बसलेली.

"उतर खाली, पोरी! कचऱ्याची एवढी माया?"

"कचरा म्हणाल तर खबरदार! नाही उतरणार! आई, पेटव गं चूल!"

आईने थापट्या पेटवल्या. ज्वाळा लखलखली, धूर नावालाही नाही. ते पाहून बागेतल्या बायांनी कोयते खाली ठेवले आणि एकेक करून त्या सुरंगीशेजारी जाऊन बसल्या.

"मालक काय म्हणतील मला?" मुकादम चाचरला.

"गिरणीच्या बॉयलरला लाकडं तोडून आणता ना? त्याऐवजी ह्या थापट्या घाला म्हणावं!"

मुकादमाने डोकं खाजवलं, दोन थापट्या उचलल्या आणि मुकाट गिरणीकडे गेला. त्या दिवसापासून ढीग पेटलाच नाही.

संध्याकाळी परी निरोप घ्यायला आली. "परी, जाऊ नकोस ना!" सुरंगी म्हणाली.

"आता मी कशाला? तू आहेस की खंबीर!" परी हसली आणि लखकन केशरी उजेडात विरून गेली.

पावसाळा सरला. एका सकाळी भावंडांनी टेकडीवर शर्यत लावली. सुरंगी जीव तोडून धावली, पण वर पोचते तो काय! बाबल्या आधीच उभा, छाती फुगवून ओरडत, "अक्के, हरलीस! हरलीस!"

आणि आयुष्यात पहिल्यांदा हरलेली सुरंगी आनंदाने रडू लागली.