नव्या पिकअपचे टायर

घाटावरच्या एका लहानशा गावात द्वारकाबाई लोहकरे नावाची एक बाई राहत होती. तिला गाडी चालवता येत होती आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची तिला सवय होती. डेअरीत दुधाची फॅट एकाएकी कमी लागली की बाकीच्या बाया चरफडत घरी जायच्या. द्वारकाबाई मात्र तिथंच उभी राहून विचारायची, "का कमी लागली?" उत्तर मिळेपर्यंत ती हलायची नाही. तिला लांबून येताना पाहिलं की डेअरीचा कारकून उगाचच चष्मा पुसायला घ्यायचा.

गावातल्या बायकांनी मिळून एक दूधगट काढला होता. पस्तीस घरांचं दूध रोज सकाळी कॅनमध्ये भरून खाली बाजारगावच्या डेअरीत जायचं. ते भाड्याच्या गाडीतून जाई, आणि ती गाडी मालकाच्या लहरीप्रमाणे येई. वाट बघता बघता कितीदा तरी दूध नासलं. शेवटी गटानं स्वतःची नवीकोरी पिकअप घेतली, आणि ती चालवायचं काम एकमतानं द्वारकाबाईकडे आलं.

गाडी गावात आली त्या दिवशी सगळं गाव देवळापुढं जमलं. नारळ फुटला, हार चढला. तेवढ्यात यशवंत पुढं आला. यशवंत हा द्वारकाबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याचीही एक पिकअप होती, सहा वर्षांची. तिच्यातून तो बांबू आणि भाजी वाहायचा. घाटात आपल्याइतकी गाडी कुणी चालवलेली नाही असं त्याचं मत होतं, आणि ते तो लपवून ठेवत नसे.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरवर बुटाची टोच मारली आणि मोठ्यानं हसला.

"वहिनी, हे कंपनीचे टायर शहरातल्या रस्त्याला ठीक. आपल्या चिखलात हे साबणासारखे घसरणार. चारही काढा आणि माझ्यासारखे खोल नक्षीचे बसवा. बाईमाणसानं गाडी घेताना कुणाला तरी विचारावं!"

शेवटचं वाक्य द्वारकाबाईला फार लागलं. टायरबद्दल तो काय म्हणाला ते तिच्या कानात शिरलंच नाही. ती म्हणाली, "भाऊजी, गाडी बनवणाऱ्यांना तुमच्यापेक्षा कमी कळतं का? हे टायर झिजल्याशिवाय मी बदलणार नाही. सगळ्यांसमोर सांगते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. यशवंतचं तोंड उतरलं आणि तो निघून गेला. त्या दिवशी द्वारकाबाई जिंकली.

पुढचे काही आठवडे गाडी छान चालली. दूध वेळेवर पोहोचू लागलं. मग पावसाळा आला आणि चांगला मध्यावर पोहोचला. गावापासून कोसभर खाली रस्त्यावर एक वळण होतं. तिथं डोंगरातून बारमाही पाझर यायचा, म्हणून त्याला पाझराचं वळण म्हणत. वळणावर डांबर कधी टिकलंच नव्हतं. शंभर-सव्वाशे पावलांची नुसती चिकणमाती होती, आणि एका बाजूला खाली ओढा.

एके दिवशी दूध पोहोचवून द्वारकाबाई रिकामे कॅन घेऊन परत येत होती. पाझराच्या वळणावर चढ लागला आणि गाडीचा मागचा भाग अचानक ओढ्याकडे सरकला. एक हात, दीड हात. मग थांबला. द्वारकाबाईनं गाडी हळूहळू मागं घेतली, कडेच्या खडीवर चाकं आणली आणि कशीबशी वर काढली. वर आल्यावर ती थांबली.

आसपास कुणी नव्हतं. काय झालं ते फक्त तिलाच माहीत होतं. तिनं कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. जरा जपून चालवलं की झालं, असंही तिच्या मनात आलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसराच विचार आला, आणि तो काही केल्या जाईना. सकाळी उतरताना गाडी दुधानं गच्च भरलेली होती, तेव्हा ती इंचभरही घसरली नाही. आता रिकामी असताना घसरली. का?

ती खाली उतरली. पावसात वाकून तिनं मागचं चाक पाहिलं. टायरची सगळी नक्षी मातीनं भरून गेली होती. सारवलेल्या भिंतीसारखं गुळगुळीत चाक. पुढचं चाक पाहिलं, तेही तसंच. तिनं काडीनं माती उकरून काढली. खाली नक्षी नवीच होती.

दुसऱ्या दिवशी ती बाजारगावातल्या इस्माईलचाचांकडे गेली. चाचांचं वडाखाली पंक्चरचं दुकान होतं आणि चाळीस वर्षं ते टायर उलटेपालटे करत आले होते. द्वारकाबाईला वाटलं, चाचा एकदाच काय ते सांगतील, बदल किंवा नको बदलू. चाचांनी उलट तिलाच विचारलं, "हवा किती आहे?"

"शोरूमनं भरली तेवढी."

"म्हणजे माहीत नाही."

एवढी साधी गोष्ट आपण कशी विचारली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

चाचांनी हवा मोजून पाहिली. मग खिशातून खडूचा तुकडा काढून टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली. "पाऊस उघडलाय, रस्ता सुकलाय. इथल्या देवळापर्यंत सरळ जाऊन ये आणि रेघ कुठं पुसली ते बघ."

द्वारकाबाई जाऊन आली. रेघ मधोमध पुसली होती आणि दोन्ही कडांना तशीच होती.

"हवा जास्त आहे," चाचा म्हणाले. "टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालतोय. कडा जमिनीला टेकतच नाहीत. गाडी रिकामी झाली की मागं वजनही राहत नाही. मग चाक रस्ता धरणार कसं?"

द्वारकाबाईला अतोनात आनंद झाला. तिनं लगेच हवा बेताची करून घेतली. म्हणजे टायर वाईट नव्हतेच! दोष हवेचा होता. यशवंत चुकला होता, आणि तिचा शब्द खरा ठरला होता. खडूचा तुकडा तिनं चाचांकडून मागून घेतला आणि गाणं गुणगुणत घाट चढू लागली.

पाझराच्या वळणाच्या अलीकडं मात्र तिचं गुणगुणणं थांबलं. तिच्या मनात आलं, मला एवढा आनंद कशाचा झालाय? गाडी सुरक्षित झाली याचा, की भाऊजी चुकले याचा? हा प्रश्न तिला आवडला नाही. पण प्रश्न टाळायची तिला सवय नव्हती.

पुढचे आठ दिवस तिनं गाडी नीट पारखली. परत येताना गाडीच्या मागच्या हौद्यात कधी वाळूची चार पोती टाकली, कधी टाकली नाहीत. मुरमावर आणि डांबरावर गाडी आता पहिल्यापेक्षा रस्ता चांगला धरत होती. पोत्यांमुळंही फरक पडत होता. पण ज्या दिवशी पाऊस जोरात होई, त्या दिवशी पाझराच्या वळणावर मागची चाकं तरीही फिरत. हवा बेताची असो, पोती असोत, चिखल नक्षीत बसला की चाक गुळगुळीत होई. दोनदा गाडी पुन्हा कडेकडे सरकली. एकदा तर एक कॅन हौद्यातून उडून ओढ्यात गेला. रिकामा होता म्हणून बरं.

आता एकच गोष्ट पाहायची राहिली होती. यशवंतचे टायर त्याच वळणावर काय करतात? ते पाहायचं तर यशवंतकडे जावं लागणार होतं. दोन दिवस ती त्याच्या घरावरून गेली आणि आत शिरली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

यशवंत ओट्यावर बांबूच्या मोळ्या बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"भाऊजी, तुमची गाडी मला पाझराच्या वळणावर बघायची आहे."

"का? झिजले का टायर?" तो म्हणाला.

"नाही. घसरतात." द्वारकाबाई म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता ते मी ऐकलंच नाही. कसं सांगत होता तेवढंच ऐकलं."

यशवंतच्या हातातली दोरी थांबली. त्याला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण ते आता बोलता येईना. तो उठला आणि गाडीची चावी घेऊन आला.

दोघं आपापली गाडी घेऊन वळणावर गेले. आधी यशवंतनं आपली रिकामी गाडी चढवली. चाकं खोल नक्षीत चिखल धरत आणि फिरता फिरता बाहेर फेकत होती. गाडी एकदाही न सरकता वर गेली. मागं उभी राहिलेली द्वारकाबाई चिखलानं माखली, पण डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिनं यशवंतला खाली डांबरी रस्त्यावर चलायला सांगितलं.

"आता तिथं काय?" यशवंतनं विचारलं.

"ब्रेक."

सपाट रस्ता होता आणि नुकताच पाऊस पडून गेला होता. तिनं रस्त्यावर एक दगड ठेवला. दोघांनी आपापली गाडी सारख्याच वेगानं आणून दगडापाशी ब्रेक दाबायचा असं ठरलं. द्वारकाबाईची गाडी थांबली त्या जागेपेक्षा यशवंतची गाडी आठ पावलं पुढं जाऊन थांबली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी दोघांनी गाड्या बदलून पाहिल्या. तरी यशवंतचीच गाडी पुढं गेली.

यशवंत खाली उतरून टायरकडे बघत उभा राहिला. "वहिनी, मी दोनदा ब्रेकचं काम करून घेतलं," तो हळूच म्हणाला. "गॅरेजवाल्याशी भांडलोसुद्धा. आणि हे टायरमुळं होतंय?"

"नक्षी खोल, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी," द्वारकाबाई म्हणाली. "तसं असावं. चाचांना विचारू."

"थांबा," यशवंत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक आली होती. "माझी फक्त मागची दोन चाकं तुमच्या गाडीला लावून बघू या. गाड्या तर एकाच जातीच्या आहेत."

दोघांनी जॅक लावला, पान्हे काढले आणि पुन्हा सुरू झालेल्या पावसात चाकांची अदलाबदल केली. द्वारकाबाईची गाडी रिकामीच पाझराच्या वळणावर नेली. ती चढली. मग डांबरावर आणून दगडापाशी ब्रेक दाबला. पहिल्यापेक्षा दोनच पावलं पुढं गेली. पुढची चाकं कंपनीची होती, ती रस्ता धरून होती.

चाचांना विचारलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "घाटात बरेच लोक असंच करतात. ढकलतात मागची चाकं, म्हणून चिखलात मागं खोल नक्षी. गाडी वळवतात पुढची, ब्रेकचा जोरही पुढंच येतो, म्हणून तिथं साधी." मग चाचा हसले. "पण मी आधी सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं."

आठवड्यानं दूधगटाची बैठक भरली. द्वारकाबाईला रात्रभर झोप लागली नव्हती. टायर कुठल्या तरी दगडानं चिरले असं सांगणं सोपं होतं. कुणी तपासायला आलं नसतं. पण तिनं उभं राहून गाडी घसरल्यापासूनचं सगळं सांगितलं. ओढ्यात गेलेल्या कॅनचंही सांगितलं. "मी सगळ्यांसमोर बोलले होते, ते चुकीचं होतं," ती म्हणाली. "मागचे दोन टायर बदलावे लागतील."

मग चंद्रभागाकाकू, गटातल्या सगळ्यांत मोठ्या, म्हणाल्या, "मग पहिल्याच दिवशी यशवंताचं ऐकलं असतंस तर?"

"तर चारही बदलले असते, काकू. आणि खाली डांबरावर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर गाडी गेली असती."

बायकांनी दाराकडं पाहिलं. यशवंत तिथं चौकटीला टेकून उभा होता.

"खरं आहे," तो म्हणाला. "आणि मी अजून ब्रेकलाच शिव्या देत बसलो असतो." मग जरा अडखळत त्यानं पुढं म्हटलं, "त्या दिवशी मी बाईमाणूस वगैरे बोललो, ते बोलायला नको होतं. तेवढं सोडून सांगितलं असतं तर वहिनींनी तेव्हाच ऐकलं असतं."

टायर बदलायचं ठरलं. गाडीच्या मागं दोन खोल नक्षीचे टायर आले. निघालेले दोन जवळजवळ नवेच होते. ते यशवंतनं गटाकडून विकत घेतले आणि आपल्या गाडीला पुढं बसवले. त्यामुळं दोन्ही गाड्या आता सारख्याच दिसू लागल्या. पुढं साधे टायर, मागं खोल नक्षीचे. पावसाळाभर दूध एक दिवसही चुकलं नाही.

एकदा देवळापुढं दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय गं द्वारके, शेवटी त्या टायरच्या भांडणात जिंकलं कोण?"

द्वारकाबाईनं यशवंतकडे पाहिलं. यशवंतनं तो प्रश्न ऐकलाच नव्हता. तो आपल्या गाडीपाशी उकिडवा बसून पुढच्या टायरवर द्वारकाबाईकडून घेतलेल्या खडूनं आडवी रेघ ओढत होता.

तात्पर्य: सल्ला कुणी आणि कोणत्या सुरात दिला यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही, तो स्वतः पारखून पाहावा, आणि उत्तर आपल्याच शब्दाविरुद्ध निघालं तरी ते उघडपणे मान्य करावं.