पोटातली प्रजा

चंपावतीच्या राजाचा नियम असा, की राजवैद्याचं औषध हवं असेल तर गळ्यात तांब्याची आरोग्यमुद्रा हवी. प्रत्येकाने सुगीला राजाच्या कोठारात पायलीभर धान्य घालायचं आणि मुद्रा घ्यायची. मग वर्षभर काही दुखलंखुपलं तर वैद्य, काढे, पथ्याचा भात, सगळं राजाकडून. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या सुनेला मात्र मुद्रा लगेच मिळत नसे. तिने आधी वर्षभर आजारी न पडता राहून दाखवायचं. म्हणजे औषधाची गरज नाही हे सिद्ध झालं, की औषध मिळणार! राजाला या नियमाचा फार अभिमान होता.

घाटापलीकडच्या राज्यातून येसबा रंगाऱ्याच्या घरी आलेल्या सगुणाला आठवा महिना लागला आणि तिचे पाय सुजले. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. सुईण म्हणाली, "हे माझ्या हातातलं नाही, पोरी. वैद्य गाठ, नाहीतर दोघांच्याही जिवाला धोका आहे." सगुणा फार घाबरली. नवऱ्याचा, येसबाचा, हात धरून ती वैद्यशाळेच्या दारात गेली.

"मुद्रा?" दारावरच्या कारकुनाने विचारलं.

"सुगीला धान्य घातलंय, माझ्या वाटचंसुद्धा."

"धान्य कोणाचंही चालतं. आजार मात्र आपल्याच माणसाचा लागतो," कारकून शांतपणे म्हणाला. "आणि पहिलं बाळंतपण माहेरी करतात, बाई. घाट चढून जा की."

या सुजल्या पायांनी घाट चढायचा? सगुणाची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिला संताप आला. ती तशीच येसबाला घेऊन दरबारात जाऊन उभी राहिली.

राजाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नियम म्हणजे नियम. तू परकी आहेस."

"आहेच, महाराज. मी माझ्यासाठी काही मागतच नाही. पण माझ्या पोटात आहे, ते कोणाचं?"

राजा ताठ बसला. हा त्याचा जुना सल होता. सुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी जात आणि पलीकडचा राजा ती मुलं आपली म्हणून मोजत असे. "आमचं! बाप आमचा, तर मूल गर्भात असल्यापासून आमची प्रजा. तशी दवंडीच पिटली आहे."

"मग तुमची प्रजा आजारी आहे, महाराज. तिला वैद्य द्या."

दरबारात खसखस पिकली. आपण अडकलो हे राजाला कळलं, पण भर दरबारात माघार घेईल तर तो राजा कसला? "दिला! वैद्यबुवा, बाळावर उपचार करा. पण हिची नाडी धरायची नाही, हिच्या तोंडात औषधाचा थेंब घालायचा नाही. नियम मोडता कामा नये."

येसबाचा चेहरा उतरला. सगुणाने पदर सावरला आणि दरबारातच फतकल मारली.

"माझी काही हरकत नाही. बाळाला घेऊन जा. मी परकी, मी इथेच थांबते."

म्हातारे वैद्यबुवा एकदा तिच्या पोटाकडे आणि एकदा राजाकडे बघू लागले. "महाराज, नेऊ कसं?"

राजा सगुणाकडे वळला. "अगं, पण आईला वगळून बाळाला औषध पाजायचं तरी कसं?"

"ते मी काय सांगणार? मी परकी," सगुणा म्हणाली. "तुमच्या प्रजेलाच विचारा."

 राजा असा हसत सुटला, की मुकुट कानावर आला. स्वतःच्या गळ्यातली सोन्याची मुद्रा काढून त्याने सगुणाच्या हातावर ठेवली. "ही तुझी. आणि आजपासून नवी सून वेशीतून आत आली, की तिथेच तिला मुद्रा द्यायची. तो कारकून वेशीवर बसून मुद्रा वाटेल."

"पण महाराज, मुद्रा एक आणि रुग्ण दोन," सगुणाच्या मागोमाग दरबारात आलेला कारकून म्हणाला. "दुसरी कुठून द्यायची?"

"तुझ्या गळ्यातली!"

वैद्यबुवांनी तिथेच नाडी बघून काढा पाजला. तो पोटात पोचतो न पोचतो, तोच आतल्या प्रजेने सणसणीत लाथ मारली, आणि सगुणा कितीतरी दिवसांनी हसली.