दिलेली जागा

एकदा एक गृहस्थ हनोई शहरात राहायला गेला आणि रस्त्याच्या कडेलाच अडकून पडला. पत्नीची नोकरी तिथली, म्हणून दापोलीचं घर बंद करून तिघंही तिकडे गेली होती. सहा वर्षांच्या शाल्मलीला शाळेत पोहोचवण्याचं काम त्याच्याकडे होतं. शाळा अगदी समोर, पण मध्ये रस्ता, आणि सकाळी त्यावरून स्कूटरींचा लोंढा सुटे. सिग्नलला कुणी जुमानत नसे. गृहस्थानं आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. फट दिसली की धावायचं आणि काही अंगावर आलं की मागे उडी मारायची, एवढंच त्याचं शास्त्र.

या शास्त्रानं एके सकाळी घात केला. मुलीचा हात धरून तो मध्यापर्यंत गेला, हॉर्न वाजला, आणि तो तिला ओढत मागे सरला. त्यांच्या पाठीमागून निघालेली एक फुलवाली त्यांना चुकवता चुकवता स्कूटरसकट आडवी झाली. तिचं कोपर सोलवटलं. उठून तिनं आधी मुलीला चाचपून पाहिलं, मग फुलं गोळा केली आणि निघून गेली. त्या दिवसापासून शाल्मली बापाचा हात धरेना. ती शेजारणीबरोबर शाळेत जाऊ लागली. बापाच्या हे फार जिव्हारी लागलं.

त्याच शहरात एक वृद्ध मराठी गुरुजी पाली भाषा शिकवत. गृहस्थ त्यांचा रविवारचा शिष्य होता. त्या रविवारी पोथी न उघडताच तो म्हणाला, "गुरुजी, मी पोरीला घेऊन दापोलीला परत जातो. हिची नोकरी आहे, ती राहील इथेच. मला हा रस्ता जमायचा नाही."

"ओलांडायला शिकायचंय?"

"शिकायचं होतं हो..."

गुरुजींनी एक हेल्मेट त्याच्या हातात ठेवलं. "मग माझ्या स्कूटरवर मागे बस."

पायी चालायला शिकायचं तर स्कूटरवर कशाला बसायचं, हे शिष्याला उमगेना. पण गुरुजींपुढे बोलायची सोय नव्हती. ऐन गर्दीच्या वेळी गुरुजी लोंढ्यात शिरले. पंच्याहत्तरीतला माणूस आणि हा वेग! शिष्यानं त्यांचा सदरा मुठीत आवळून धरला.

"वाहनांकडे पाहू नकोस," गुरुजी ओरडले. "चालणाऱ्यांकडे पाहा."

समोर एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडत होती. तिनं मान वळवली नाही की पाऊल लांबवलं नाही. गुरुजी ब्रेकला हातही न लावता तिच्या पाठीमागून निघून गेले. पुढे एक तरुण मध्यावर आला होता. गुरुजींनी तसंच त्याच्या पाठीमागून वळण घेतलं, आणि नेमका तो दचकून मागे उडाला.

ब्रेक किंचाळला. पुढचं चाक तरुणाच्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं. मागची वाहनं कशीबशी दोन्ही बाजूंनी निघून गेली.

"अरे, मागे कशाला आलास!" शिष्य मराठीतच खेकसला. आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याला फुलवाली आठवली.

गुरुजींनी स्कूटर कडेला घेतली.

"तुला वाटतं, हा लोंढा आहे," ते म्हणाले. "अरे, ही एकेक माणसं आहेत. कुणालाही न धडकता घरी जाणं, एवढीच प्रत्येकाची इच्छा. तू एक पाऊल पुढे टाकलंस की मागची जागा तू आम्हाला दिलीस. त्या भरवशावर आम्ही वळतो. म्हातारीनं दिलेली जागा परत मागितली नाही. त्या पोरानं मागितली. भीती तिलाही वाटत असेल, पण तिची भीती आम्हाला अडवत नाही." मग म्हणाले, "बस आली तर मात्र कडेलाच थांब. तिला वळता येत नाही, तिथे शहाणपणा नको."

दुसऱ्या सकाळी शेजारीण दाराशी आली तेव्हा बाप चप्पल घालून उभा होता. शाल्मलीनं शेजारणीकडे पाहिलं, मग नाइलाजानं बापाला एक बोट दिलं.

एक बस जाऊ देऊन दोघं रस्त्यावर उतरली. बाप म्हातारीच्या चालीनं निघाला. मध्यावर अगदी जवळ हॉर्न वाजला. त्याची टाच उचलली गेली, सगळं अंग मागे ओढू लागलं. त्यानं पाऊल पुढे ठेवलं. पाठीमागून एक स्कूटर इतकी जवळून गेली की सदरा हलला. मग आणखी एक गेली.

पलीकडे पोहोचल्यावर पाहिलं, तर बोटाच्या जागी मुलीचा सगळा हात त्याच्या हातात होता. फाटकाशी तिनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "बाबा, उद्या पण तूच ने."