विश्वंभरचा कापूस

"...तर मग आता शिकायचं राहिलं तरी काय, महाराज?"

विश्वंभरने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तळहात पुन्हा नाकासमोर धरला. त्यावर पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका होता. श्वास आत गेला, थांबला, बाहेर आला. कापूस हलला नाही.

भालनाथ महाराजांच्या मठाची ही रीत होती. ज्याच्या श्वासाने कापूस हलत नाही, त्याला महाराज आपल्या खांद्यावरची भगवी छाटी देत. मग त्याने आपल्या गावी जाऊन लोकांना प्राणायाम शिकवायचा. दसऱ्याला गुरू होऊन येतो, असा निरोप विश्वंभरने गावी धाडलाही होता. तिकडे त्याच्यासाठी ओटा सारवून तयार होता. माणूस हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःलाच जरा लवकर कळलं होतं.

"राग आला तरी हलत नाही," तो म्हणाला. "हवं तर शिव्या घालून बघा."

"शिव्या कशाला..."

तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. खालच्या वाडीतली ठकूबाई भावाच्या आधाराने आत आली. डोळे कोरडे, तोंड उघडं. श्वास घशातच अडकत होता.

"हिची लेक गेली, महाराज," भाऊ म्हणाला. "बाळंतपणात. सकाळी सांगावा आला. तेव्हापासून रडत नाही, बोलत नाही. नुसती धाप लागलीय."

महाराजांनी विश्वंभरकडे पाहिलं. त्याला हेच हवं होतं. तो तिच्यासमोर येऊन बसला, पाठ ताठ, तळहातावर कापूस.

"माय, इकडे बघा. हा हलतो का? नाही ना? असाच सावकाश श्वास घ्या... आता रोखा..."

ठकूबाईने पाहिलं. तिचा श्वास आणखीच अडकला.

महाराज उठले. तिच्याशेजारी जमिनीवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि तिच्यासारख्याच धापा टाकू लागले. ती अडकली की तेही अडकत. त्यांची पाठ वाकली, तोंड उघडं पडलं.

विश्वंभरला गुरूची लाज वाटली. त्याने नजर कापसावर ठेवली.

मग महाराजांच्या घशातून हुंदका फुटला. पाठोपाठ ठकूबाईच्या.

ती खूप वेळ रडली. महाराजही रडले. हळूहळू हुंदके विरळ झाले आणि दोघांचा श्वास बरोबरच लांब होत गेला.

"काशी नाव होतं तिचं," ठकूबाई म्हणाली. पदराने तोंड पुसून ती भावाबरोबर निघाली.

विश्वंभर अजून तसाच ताठ बसला होता.

"महाराज... आपला श्वास मोडला."

"मोडला खरा."

"माझा कापूस मात्र जागच्या जागी आहे. बघा आपण."

महाराजांनी वाकून पाहिलं.

"एवढं रडणं चाललं होतं... जरासुद्धा हलला नाही?"

"जरासुद्धा नाही." विश्वंभरची छाती अभिमानाने फुगली होती. "मग, छाटी?"

महाराजांनी खांद्यावरची छाटी काढली. त्याच छाटीने आपले ओले डोळे पुसले आणि ती परत खांद्यावर टाकली.

"हलेल त्या दिवशी ये."