रोलरच्या राखणीला लिंबू

जनावरं आपापले रस्ते आपणच बांधत, तेव्हाची ही गोष्ट, आणि तिला साक्षीदार एक लिंबू आहे. भालोबा अस्वलानं त्याला सात मिरच्यांसह घाटातल्या रोड रोलरला बांधलं होतं.

एकदा ऐन उतारावर भालोबाला चहाची तलफ आली. इंजिन चालूच ठेवून तो खाली उतरला. "लिंबूशेठ, जरा लक्ष ठेवा!"

"अहो, दृष्ट मी बघतो, ब्रेक तुम्ही बघायचा!" लिंबू ओरडलं. "निदान चाकाखाली दगड तरी लावा!"

"तुम्ही असताना दगड कशाला?" म्हणत भालोबा टपरीवर पोचलासुद्धा.

रोलर घरंगळायला लागला. खाली भर रस्त्यात कासवमावशी होत्या. लिंबानं हाक मारली. "मावशी, पळा!"

"कधीची पळतेच आहे रे!" मावशी म्हणाल्या.

त्यांच्यापासून वीतभर अंतरावर रोलर एका खड्ड्यात रुतून थांबला. भालोबा धावत आला. "लिंबूशेठ, वाचवलंत हो मावशींना!"

"मी नाही, त्या खड्ड्यानं. तो तुम्ही कालच बुजवायचा होता."

"म्हणजे माझ्यामुळेच वाचल्या की!" भालोबाची छाती फुगली.

मावशींनी आधी दम घेतला. "मग असं करू, भालोबा. उद्या रोलरवर मी बसते, आणि खाली रस्त्यात तुम्ही थांबा."